खिशातली बाटली

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. रात्री जेवणं आटोपली होती. जावयांनी यांच्या मोबाईलवर एका कागदाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "बाबा, जरा बघून ठेवाल का? उद्या बोलतो." यांनी चष्मा लावला, फोटो मोठा करून पाहिला आणि काही न बोलता फोन माझ्या हातात दिला.

वीर्यतपासणीचा रिपोर्ट होता. मुलीच्या लग्नाला जेमतेम तीन वर्षं झाली आहेत. तिची एकही तपासणी झालेली नव्हती. जावई आपणहून आधी जाऊन आले होते, आणि आलेला कागद सरळ सासऱ्यांना पाठवला होता!

आजच्या मुलांना यात काही विशेष वाटणार नाही. मला मात्र त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही. डोळ्यांसमोर येत होतं आर. के. पुरमच्या सेक्टर चारमधलं आमचं दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर, आणि तिथे काढलेली ती वर्षं.

आमचं लग्न मे १९८८ मध्ये साताऱ्याला झालं. हे केंद्र सरकारच्या नोकरीत, ऑफिस आर. के. पुरमच्याच वेस्ट ब्लॉकमध्ये. क्वार्टर मिळालं तसं मी दिल्लीला आले. आजूबाजूला सगळ्या प्रांतांचे लोक. सकाळी मलाई मंदिराकडे निघालेल्या तमिळ बायका, संध्याकाळी मदर डेअरीच्या बूथसमोर रांगेत उभ्या पंजाबी मावश्या, आणि सेक्टरा-सेक्टरांतून विखुरलेली आम्ही मराठी कुटुंबं. हळदीकुंकवाच्या निमित्ताने आम्ही एकत्र यायचो. पहिलं वर्ष मजेत गेलं. दुसऱ्या वर्षी विचारणा सुरू झाली. तिसऱ्या वर्षी विचारणा थांबली आणि सल्ले सुरू झाले. चौथ्या वर्षी एका डोहाळजेवणाचं आमंत्रण मला आलंच नाही. ज्यांच्याकडे होतं त्या माझ्याच जिन्यात राहत होत्या. वरून गाण्यांचे आवाज येत होते आणि मी खाली कणीक मळत होते. तो दिवस मी अजून विसरलेले नाही.

तपासण्या अर्थातच माझ्या झाल्या. "अर्थातच" हा शब्द आज लिहितानाही टोचतो, पण तेव्हा कुणालाच तो खटकला नाही, मलासुद्धा नाही. एका दवाखान्यात आधी रक्त तपासलं. मग रोज सकाळी उठल्याबरोबर थर्मामीटर तोंडात धरून ताप लिहून ठेवायचा, असे पाच महिने. मग गर्भनलिकांचा एक्स-रे. मग क्युरेटिंग करून आतल्या अस्तराची क्षयासाठी तपासणी, कारण आपल्याकडे गर्भाशयाचा क्षय हे मूल न होण्याचं एक नेहमीचं कारण. सगळं ठीक निघालं. तरी तिथल्या बाईंनी औषधाच्या गोळ्या दिल्या आणि पुढच्या महिन्यात यायला सांगितलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. दोन वर्षं मी अशी जात होते. मला घेऊन येणारा नवरा बाहेर बाकावर वर्तमानपत्र वाचत बसलेला असायचा. त्याला आत बोलवावं असं कुणाच्या मनात आलं नाही.

आणि गंमत अशी, की दुखणं होतं ते बाकावर बसलेल्या माणसालाच.

यांना अधूनमधून उन्हाळी लागायची. लघवीला जळजळ, ओटीपोटात जडपणा, कधी बसताना दुखणं. लग्नाआधी हे करोलबागेत तिघांत मिळून एका खोलीत राहायचे, तेव्हापासूनचं ते होतं. आपल्याकडे यावर उपाय ठरलेला. उष्णता झाली म्हणायचं, धने-जिऱ्याचं पाणी प्यायचं, सब्जा भिजत घालायचा. दिल्लीचा उन्हाळा, त्यामुळे कुणाला शंकाही येऊ नये! मी स्वतः रात्री धने भिजत घालून ठेवायची आणि सकाळी माझ्या तपासणीला जायची. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे पाच वर्षं आमच्या डोक्यात आलं नाही.

आलं ते १९९३ च्या नोव्हेंबरात, एका नव्या डॉक्टरीणबाईंमुळे. माझी जाडजूड फाईल त्यांनी चाळली, मिटवली आणि विचारलं, "यांची तपासणी कुठे आहे?" मी गप्प. त्या म्हणाल्या, "अहो, सगळ्यात सोपी, सगळ्यात स्वस्त आणि अजिबात न दुखणारी तपासणी ती. ती सोडून तुम्ही बाकी सगळं करून बसलात? जा, त्यांना आत बोलवा."

हे आत आले, ऐकून घेतलं, मान हलवली. घरी आल्यावर मात्र महिनाभर विषय काढू देईनात. "माझ्यात काय दोष असणार? मी धडधाकट आहे," एवढंच. मी फार बोलले नाही, कारण त्यांचा चेहरा मला दिसत होता. पुरुषाला मूल न होण्याचा अर्थ आपल्याकडे भलताच लावतात. शरीरसंबंध ठेवण्याची ताकद आणि शुक्रजंतूंची प्रत ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुणी सांगतच नाही. खरं तर सांगणारे होऊन गेलेत, आणि तेही मराठीत. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून १९५३ साली मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. शरीराच्या या सगळ्या गोष्टी ते स्वच्छ मराठीत लिहीत. त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढले, दंड भरला. त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली होती, तरी आमच्या सुशिक्षित घरात 'वीर्य' हा शब्द कुणी उच्चारलेला मी ऐकला नव्हता.

शेवटी जानेवारी १९९४ मध्ये हे तयार झाले. लॅबमध्ये नमुना द्यायला संकोच वाटत होता म्हणून घरूनच न्यायचं ठरलं. दिल्लीतली जानेवारीची सकाळ, समोरचा माणूस दिसणार नाही असं धुकं. यांनी बाटली कापडी पिशवीत घातली, पिशवी स्कूटरच्या हँडलला अडकवली आणि गेले. लॅबवाला चहाला गेलेला, बाटली टेबलावर तासभर पडून. रिपोर्ट आला : हालचाल करणारे शुक्रजंतू शेकडा आठ.

त्यानंतर तीन दिवस हे घरात बोलले नाहीत. ऑफिसला जात, येत, भिंतीकडे तोंड करून झोपत. चौथ्या दिवशी रात्री अंधारात म्हणाले, "तू साताऱ्याला निघून जा. दुसरं लग्न कर. तुझं काही चुकलेलं नाही." गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी दुसऱ्या बाजूने ऐकत आले होते. सासूबाईंनी साताऱ्याची एक मुलगी यांच्यासाठी पाहूनही ठेवली होती. आता तेच वाक्य यांच्या तोंडून, माझ्यासाठी. मला रागही आला आणि रडूही आलं.

रिपोर्ट घेऊन मी एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बाटली कशी नेली होती?" मी पिशवी, हँडल, चहा, सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "थंडीने गारठले ते सगळे! हा कागद फाडून टाका." मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. तीन-चार दिवस संबंध ठेवायचा नाही. आधी लघवी करून यायचं, हात आणि अवयव साबणाने स्वच्छ धुवायचे, नाहीतर त्वचेवरचे जिवाणू नमुन्यात येतात आणि निष्कारण दोषी ठरतात. बाटली लॅबने दिलेली, निर्जंतुक. आणि ती अंगाच्या उबेत ठेवून तासाच्या आत पोहोचवायची.

दुसऱ्या वेळी यांनी बाटली बनियनच्या आत ठेवली. वर शर्ट, वर मी विणलेला स्वेटर, वर कोट. मी स्कूटरवर मागे बसले, एक हात यांच्या छातीवर त्या बाटलीवर, दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे लक्ष. भिकाजी कामा प्लेसच्या चौकात लाल दिवा लागला तेव्हा मला त्या दिव्याला शिव्या द्याव्याशा वाटल्या. बावीस मिनिटांत पोहोचलो. यावेळी लॅबही दुसरी होती.

रिपोर्ट आला. संख्या एका मिलिलीटरला तीन कोटी चाळीस लाख, म्हणजे चांगली. हालचाल शेकडा बावीस, म्हणजे कमी. शुक्रजंतू एकमेकांना चिकटून गुठळ्या झालेल्या. आणि पू-पेशी भरपूर. दोन-तीन दिवसांनी कल्चरचाही कागद आला. त्यात नाव होतं ई. कोलाय.

ई. कोलाय आपल्या आतड्यात राहणारा जिवाणू. तिथे तो निरुपद्रवी असतो. लघवीच्या मार्गाने वर सरकून प्रोस्टेट ग्रंथीत ठाण मांडून बसला, की त्रास सुरू होतो. आम्हाला मूत्ररोगाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते वयस्कर होते, सावकाश बोलणारे. कागदावर चित्र काढून त्यांनी सांगितलं, की वीर्यात शुक्रजंतूंचा वाटा शेकडा दोन-पाचच. बाकी सगळा द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींतून येतो. ग्रंथीला सूज आली, तिथे जिवाणू वाढले, की शुक्रजंतूंना घाण पाण्यात पोहावं लागतं. ई. कोलायच्या अंगावर बारीक केसांसारखे तंतू असतात. त्यांनी तो शुक्रजंतूंना चिकटतो आणि एकाला एक जोडून त्यांच्या गुठळ्या करतो. मग पुढे जाणार कोण?

पण जिवाणूंपेक्षाही मोठं नुकसान कधी कधी आपलेच शिपाई करतात. जिवाणूंना मारायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. रिपोर्टमधल्या पू-पेशी त्याच. त्या ऑक्सिजनचे जहाल रेणू सोडतात. ते जिवाणूंना मारतात, आणि जवळच असलेल्या शुक्रजंतूंच्या आवरणालाही जाळतात. शुक्रजंतूचं आवरण अशा स्निग्ध पदार्थांचं असतं, की ते चटकन खराब होतं. शिवाय त्याच्या एवढ्याशा देहात दुरुस्तीचं सामान जवळजवळ नसतंच. कधी आतल्या डीएनएलाही तडे जातात. सूज फार दिवस राहिली तर शुक्रजंतू वाहून नेणारी नळी चिकटून बंद होऊ शकते. प्रमेह, क्लॅमिडिया आणि आपल्याकडे क्षय, या आजारांत तसं होतं. क्लॅमिडिया तर बहुतेकदा मुळीच लक्षण दाखवत नाही. तो सापडला तर नवरा-बायको दोघांनी एकदमच औषध घ्यावं लागतं, नाहीतर एकाचा बरा होऊन दुसऱ्याकडून परत येतो.

"मग हे बरं होणार?" यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "संसर्ग बरा होईल. मूल होईल की नाही हे मी सांगणार नाही." मला त्यांचा हा खरेपणा फार आवडला. तोपर्यंत आम्हाला खात्री देणारेच खूप भेटले होते.

चार आठवडे गोळ्या होत्या. आठव्या दिवशी जळजळ थांबली आणि नवव्या दिवशी यांनी गोळी घेतली नाही. "बरं वाटतंय की!" मी गोळ्यांची पाकिटं माझ्या ताब्यात घेतली आणि रोज जेवणाच्या ताटाशेजारी गोळी ठेवू लागले. प्रोस्टेटमध्ये औषध सावकाश मुरतं. अर्ध्यात सोडलं तर उरलेले जिवाणू अधिक चिवट होऊन बसतात. आज तर औषधांना न जुमानणारे ई. कोलाय आपल्या देशात इतके बोकाळले आहेत, की कल्चर न करता दुकानातून गोळ्या आणून खाणं म्हणजे आगीशी खेळ.

याच काळात सासूबाई आल्या होत्या. थंडीत क्वार्टरसमोरच्या हिरवळीवर उन्हात बसून आम्ही मटार सोलत होतो. त्यांनी साताऱ्याच्या त्या मुलीचा विषय पुन्हा काढला. सरकारी नोकराने पहिली बायको असताना दुसरं लग्न केलं तर नोकरीवर गदा येते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर त्या सोडचिठ्ठीपर्यंत गेल्या असत्या. मी खाली मान घालून शेंगा सोलत राहिले. हे रविवारचं वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते घडी करून बाजूला ठेवलं.

"आई, हिच्यात काही दोष नाही. औषध मला चालू आहे."

सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग त्यांनी एवढंच विचारलं, "तुला काय झालंय?"

"जंतू झालेत."

आता आपल्या मराठीची ही एक गंमतच आहे. शुक्रजंतूही जंतूच आणि रोगजंतूही जंतूच. "याचे जंतू कमी आहेत" असंही लोक म्हणतात आणि "याला जंतू झालेत" असंही. सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि घाबरून म्हणाल्या, "अरे, मग जंतू मारायच्या गोळ्या घेऊ नकोस! तुझे चांगले जंतूही मरतील की!" हे इतक्या मोठ्याने हसले, की शेजारच्या पंजाबी काकू खिडकीत आल्या. कित्येक महिन्यांनी मी यांना हसताना पाहत होते. (सासूबाईंची शंका अगदीच वेडी नव्हती. काही औषधं मोठ्या मात्रेत शुक्रजंतूंनाही बाधतात, हे मला नंतर कळलं.)

साताऱ्याच्या मुलीचा विषय पुन्हा निघाला नाही. दुपारी सासूबाईंनी माझ्या पानात स्वतःच्या हाताने मटारची उसळ वाढली. माफी वगैरे मागण्याची रीत आमच्याकडे नव्हती.

पुढची तपासणी तीन महिन्यांनी. एवढं थांबायचं कशाला, असं मला वाटायचं. डॉक्टरांनी सांगितलं, की एक शुक्रजंतू तयार व्हायला साधारण बहात्तर ते चौऱ्याहत्तर दिवस लागतात, वर नळीतून बाहेर यायला आणखी आठ-दहा दिवस. आज औषध घेतलं तर नवं पीक अडीच-तीन महिन्यांनी दिसणार. जूनमधल्या रिपोर्टमध्ये पू-पेशी जवळजवळ गेल्या होत्या, कल्चर साफ होतं आणि हालचाल शेकडा एकेचाळीसवर आली होती. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात पन्नास हा आकडा दिलेला होता, त्यामुळे आम्ही नाराज झालो. २०२१ च्या नव्या आवृत्तीत एकूण हालचालीचा आकडा शेकडा बेचाळीस आणि संख्या मिलिलीटरला एक कोटी साठ लाख असा आहे. शिवाय हे काही शाळेतले पास होण्याचे गुण नव्हेत. वर्षभरात बाप झालेल्या पुरुषांच्या तपासण्यांतली ती खालची रेघ आहे. तिच्या खालचेही बाप होतात, वरचेही कधी होत नाहीत.

नंतर वर्ष गेलं. परळच्या के. ई. एम.मध्ये ऑगस्ट १९८६ मध्ये झालेल्या टेस्ट ट्यूब बाळाची बातमी आत्यांनी जपून ठेवली होती. तिचं कात्रण त्यांनी मुद्दाम पोस्टाने पाठवलं. मुंबईला जाऊन यायचा खर्च आम्ही कागदावर मांडूनही पाहिला. त्याची गरज पडली नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये आमची मुलगी जन्मली.

गोळ्यांमुळे झाली का? मला तसं म्हणायला आवडेल. पण त्या वयस्कर डॉक्टरांना पेढे द्यायला गेलो, तेव्हा तेच म्हणाले, "संसर्ग मी बरा केला. बाकीचं श्रेय मला देऊ नका." आजही तज्ज्ञ साधारण हेच सांगतात. योग्य औषधाने जिवाणू आणि पू-पेशी कमी होतात, पण त्यामुळे मूल होण्याचं प्रमाण वाढतंच, असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. उलट, निरोगी माणसाच्या वीर्यातही जिवाणू असतात, हे आता डीएनएच्या तपासणीने कळलं आहे. २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी ७३ पुरुषांचे नमुने तपासले. ज्यांच्या शुक्रजंतूंची हालचाल मंद होती, त्यांच्यात लॅक्टोबॅसिलस इनर्स नावाचा जिवाणू अधिक सापडला. आता लॅक्टोबॅसिलस म्हणजे आपल्या दह्यातल्या जिवाणूचा भाऊबंद, एरवी गुणी म्हणून नावाजलेला! तो खरंच गुन्हेगार आहे की नुसता तिथे हजर होता, हे त्या अभ्यासातून ठरत नाही. तेव्हा रिपोर्टमध्ये जिवाणूचं नाव दिसलं की घाबरून गोळ्या सुरू करायच्या, हेही खरं नव्हे. पू-पेशी किती, त्रास काय, नमुना नीट घेतला होता का, हे सगळं एकत्र पाहावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावयांचा फोन आला. मी चहा गाळत होते. यांनी स्पीकर लावला. मला वाटलं, हे आता काय बोलणार? तीस वर्षांत या विषयावर त्यांनी माझ्याखेरीज कुणाशी शब्द काढलेला नाही.

"नमुना किती वेळात पोहोचवला होता?" यांनी पहिला प्रश्न केला.

"तिथेच दिला, बाबा. वेगळी खोली असते हल्ली."

"हं. आणि लघवीला जळजळ वगैरे?"

पलीकडे जरा शांतता. "होते कधी कधी. पाणी कमी पितो ना मी ऑफिसात."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी धन्याच्या डब्याकडे पाहिलं.

"नुसतं पाणी पिऊन भागायचं नाही. पू-पेशी लिहिल्यात त्यांनी. कल्चर करून घ्या. आणि आपल्या मनाने गोळ्या घेऊ नका, कळलं? तुमच्या सासूबाईंना द्या सांगून, त्या गोळ्या मोजून ठेवतात."

कल्चरला टाकलं आहे. मंगळवारी रिपोर्ट मिळेल म्हणाले आहेत.